डेडस्टॉकमधलं एक तरी यंत्र चालू राहू द्या

मार्च जवळ आला की कॉलेजांत, बँकांत, पतसंस्थांत आणि सरकारी कचेऱ्यांत डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ वस्तूंची नोंदवही, बाहेर निघतं. कपाटामागे, जिन्याखाली, जुन्या लॅबच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या वस्तूंची यादी होते. निर्लेखन समिती, म्हणजे जुन्या वस्तू हिशेबातून काढून टाकणारी समिती, एक फेरी मारते, ‘नादुरुस्त, दुरुस्ती परवडणारी नाही’ असा शेरा पडतो आणि सगळं वजनावर भंगारात जातं. खुर्च्या, पंखे, स्टॅबिलायझर आणि त्यांच्याच ओळीत कॉम्प्युटर. सोलापुरात शिकवण्याच्या आणि दुरुस्तीच्या निमित्ताने ज्या ज्या संस्थांत वावरलो, तिथे हाच क्रम पाहिला. माझं म्हणणं या यादीतल्या कॉम्प्युटरपुरतं आहे. प्रत्येक पिढीचं किमान एक यंत्र निर्लेखनातून वगळावं, ते दुरुस्त करावं आणि चालू ठेवावं. काचेच्या कपाटात हार घालून ठेवलेलं यंत्र मला नको आहे. वीज दिली की स्क्रीन उजळेल आणि मुलांची बोटं कीबोर्डवर पडतील, असं हवं आहे.

‘चालू’ या अटीवर मी अडून बसतो, त्याला कारण आहे. १९६६ आणि १९६७ मध्ये नासाच्या पाच लूनार ऑर्बिटर यानांनी चंद्राचे फोटो पाठवले. त्यांचे मूळ संदेश मोठाल्या चुंबकीय फितींवर साठवलेले होते. फिती जपल्या गेल्या, पण त्या वाचणारी अँपेक्स कंपनीची यंत्रं कालबाह्य ठरून भंगाराच्या वाटेला लागली. नॅन्सी इव्हान्स या नासाच्या अधिकारी बाईंनी ती भंगारात जाऊ दिली नाहीत. स्वतःच्या गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं सांभाळली. २००८ च्या सुमारास काही अभियंत्यांनी कॅलिफोर्नियातल्या एका बंद पडलेल्या मॅकडोनाल्डच्या इमारतीत ती यंत्रं मांडून दुरुस्त केली, फिती चढवल्या आणि साठच्या दशकात छापलेल्या चित्रांपेक्षा कितीतरी स्पष्ट चित्रं बाहेर काढली. बाईंनी यंत्रं ठेवली नसती तर त्या फिती कुणाच्याही कामाच्या नव्हत्या. माहिती जपली असं आपण म्हणतो तेव्हा वाचणारं यंत्र जपलं का, हा प्रश्न सहसा विचारतच नाही.

हा चंद्राचा आणि अमेरिकेचा मामला नाही. नव्वदच्या दशकात सोलापुरात मराठी मजकूर कॉम्प्युटरवर जुळवायला सुरुवात झाली. लग्नपत्रिका, स्मरणिका, सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल, दिवाळी अंक, सभासद याद्या असं सगळं गावातल्या डीटीपीवाल्यांकडे टाइप होत होतं. तेव्हा युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची एकच सांकेतिक पद्धत, कुणाच्या वापरात नव्हतं. प्रत्येक कंपनीच्या फाँटची अक्षरांची मांडणी आपापली. एका फाँटमध्ये टाइप केलेलं पान दुसऱ्यात उघडलं की सगळी गिचमिड. त्यावर त्यातली अनेक सॉफ्टवेअरं डोंगलशिवाय, म्हणजे कॉम्प्युटरला मागून जोडायच्या छोट्या किल्लीवजा डबीशिवाय, चालत नसत, आणि डोंगल बसायचा प्रिंटरच्या पोर्टवर. आजच्या लॅपटॉपला ते पोर्टच नाही, फ्लॉपी ड्राइव्हही नाही. सोनीने साडेतीन इंची फ्लॉपीची विक्री २०११ मध्ये थांबवली. म्हणजे ज्या संस्थेच्या कपाटात त्या काळच्या फ्लॉप्यांचा डबा आहे, तिच्याकडे स्वतःचाच इतिहास कुलूपबंद पडून आहे. किल्ली होती ती गेल्या मार्चमध्ये वजनावर गेली.

त्याआधीची एक गोष्ट तर सोलापूरने जिवापाड जपायला हवी. ती म्हणजे जिस्ट कार्ड. १९८० च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं हे काम पुढे पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेत आलं. कॉम्प्युटर उघडायचा, आतल्या लांब स्लॉटमध्ये हे कार्ड बसवायचं, की डॉस या जुन्या कार्यप्रणालीवरच्या, इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्येही देवनागरी दिसायला लागायची. त्यामागे इस्की नावाची सांकेतिक पद्धत होती, जी १९९१ मध्ये भारतीय मानक झाली. तिची खुबी अशी की देवनागरीतला ‘क’, कन्नडमधला ‘क’ आणि तेलुगूमधला ‘क’ यांचा अंक एकच. मजकूर तोच ठेवून लिपी बदलायची म्हटली तर ती बदलता येई.

आता हे सोलापुरात ठेवून बघा. पूर्व भागातल्या विणकराच्या घरात तेलुगू, अक्कलकोट रोडने पुढे गेलं की कन्नड, कचेरीत मराठी, आणि एकाच माणसाच्या तोंडी तिन्ही. ज्या शहरात तीन लिप्यांच्या पाट्या शेजारी शेजारी दिसतात, तिथल्या मुलाला एका स्क्रीनवर एकाच नावाच्या तीन लिप्या पालटताना दिसल्या, तर भाषातंत्रज्ञान म्हणजे काय हे त्याला वेगळं शिकवावं लागणार नाही. पण ते कार्ड बसायला आयएसए नावाचा तो जुना लांब स्लॉट असलेला मदरबोर्ड, म्हणजे कॉम्प्युटरचा मुख्य बोर्ड, लागतो, आणि तसे बोर्ड आता बहुतेक डेडस्टॉकच्या याद्यांतच सापडतात. ॲपल आणि कमोडोरची जुनी यंत्रं दुरुस्त करणारे हौशी लोक जगभर आहेत. त्यांना सुटे भाग मिळतात, सर्किटचे नकाशे मिळतात. एचसीएल, विप्रो, ईसीआयएल या भारतीय कंपन्यांची यंत्रं आणि आपली भारतीय लिप्यांची कार्डं दुरुस्त करायला ब्रिटनमधून कुणी येणार नाही. ते काम आपण केलं तरच होईल.

दुरुस्ती म्हणजे नेमकं काय, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण समितीच्या शेऱ्यातली ‘परवडणारी नाही’ ही दोन शब्दांची समजूत तिथूनच येते. ४८६ या नव्वदच्या दशकात चालणाऱ्या प्रोसेसरचा एक बोर्ड घ्या. स्लॉटच्या वरच्या बाजूला, कीबोर्डच्या गोल सॉकेटजवळ, बोटाच्या पेराएवढी निळी किंवा हिरवी बॅटरी असते. निकेल-कॅडमियमची, ३.६ व्होल्टची. यंत्र बंद असताना तारीख-वेळ आणि सेटिंग लक्षात ठेवणं एवढंच तिचं काम. ती म्हातारी झाली की गळते. त्यातला क्षार बोर्डावर पसरतो, तांब्याचे ट्रॅक, म्हणजे वीज वाहणाऱ्या बारीक रेषा, आधी हिरवट होतात, मग काळे पडतात, मग तुटतात. यंत्र सुरू करावं तर ‘कीबोर्ड एरर’ येतो, किंवा स्क्रीन काळीच राहते. समितीच्या लेखी बोर्ड मेला.

खरं तर तो मेलेला नसतो. बॅटरी कटरने कापून बाजूला करायची. क्षाराला आम्ल लागतं, म्हणून साधं पांढरं व्हिनेगर कापसाच्या बोळ्याने लावायचं. नसेल तर लिंबाचा रस चालतो. बारीक फेस येतो आणि थांबतो. मग पाण्याने, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने जुन्या दातब्रशने घासून घ्यायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. त्यानंतर मल्टीमीटर बीपवर लावून एकेक ट्रॅक तपासायचा. ट्रॅक अखंड असेल तर बीप येतो. जिथे बीप येत नाही तिथे ट्रॅकवरचा हिरवा थर ब्लेडने अलगद खरवडायचा, आतलं तांबं चमकलं की केसासारखी बारीक इनॅमलची वायर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सोल्डर करायची. एवढ्यावर कितीतरी बोर्ड उठून उभे राहतात. खर्च म्हणाल तर सामानाला फारसा नाही. लागतो तो वेळ, चांगला उजेड, भिंग आणि न थरथरणारा हात.

पहिल्यांदा वीज देताना मात्र थेट प्लगमध्ये घालायचं नाही. आपल्याकडच्या रेडिओ-टीव्ही मेकॅनिकांची सिरीज बोर्डाची युक्ती इथे उपयोगी पडते. पिवळा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे विजेच्या वाटेतच, लावून पॉवर सप्लाय सुरू करायचा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भगभगत राहिला तर आत शॉर्ट आहे. जुन्या पॉवर सप्लायमधून बोर्डाला दोन सारखेच कनेक्टर येतात. ते बसवताना काळ्या वायरी मधोमध एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. उलटे बसले तर बोर्ड जळतो. हे सगळं नवी पेठेतल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत कधीकाळी रोजचं ज्ञान होतं. आज तिथे काम करणाऱ्या विशीतल्या पोराने असा कनेक्टर पाहिलेलाही नसतो, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. त्याला कुणी दाखवलाच नाही.

एका जुन्या मेकॅनिकशी यावर बोलत होतो. ते हातातलं काम न थांबवता म्हणाले, “सर, बोर्ड बदलायला कुणीबी येतंय. बोर्ड वाचायला कोण येतंय सांगा.” मला वाटतं, आपल्या तांत्रिक शिक्षणात जे हरवलं ते याच वाक्यात आहे. अलीकडचे बोर्ड बहुपदरी असतात, चिप्स नखाएवढ्या आणि पाय पोटाखाली दडलेले. त्यावर नवशिक्याने काय शिकायचं? ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या बोर्डावर मात्र प्रत्येक चिपवर तिचा क्रमांक छापलेला असतो, पाय डोळ्यांना दिसतात, प्रोसेसरच्या घड्याळाचा ठोका विजेच्या लहरी दाखवणाऱ्या साध्या ऑसिलोस्कोपवर पकडता येतो. प्रोसेसर मेमरीला पत्ता पाठवतो आणि मेमरी उत्तर देते, हे पुस्तकातलं वाक्य त्या बोर्डावर प्रोब टेकवून डोळ्यांनी बघता येतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याला आठ-सोळा बिटांचा प्रोसेसर फळ्यावर शिकवायचा आणि त्याच प्रोसेसरची चालती यंत्रं मागच्या दाराने भंगारात द्यायची, ही विसंगती मला सहन होत नाही.

आणि हे सोलापुरात घडावं, याचं जास्त वाईट वाटतं. हे शहर यंत्र दुरुस्त करत जगलं आहे. १८७७ मध्ये इथे पहिली कापड गिरणी, आपली जुनी मिल, उभी राहिली. तिच्यामागून इतर गिरण्या आल्या, मग यंत्रमाग आले. मागाच्या कारखान्यात जॉबर असतो. धागा का तुटतो, धोटा का अडकतो हे तो मागाच्या आवाजावरून ओळखतो आणि पाना घेऊन तिथेच दुरुस्त करतो. माग जुना झाला म्हणून कुणी वजनावर घालत नाही. कॉम्प्युटरला जॉबर मिळालाच नाही, म्हणून तो पाच-सात वर्षांत म्हातारा ठरतो.

शिवाय या दोन यंत्रांचं नातं रक्ताचं आहे. सोलापुरी चादरीवरची नक्षी जकार्डावर विणली जाते. पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची. भोक असेल तिथे ताणा उचलला जाईल, नसेल तिथे खाली राहील. फ्रान्समधल्या लियाँ शहरात जोसेफ-मारी जाकार याने १८०४ मध्ये ही रचना पक्की केली. इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने १८३० च्या दशकात आपल्या ॲनालिटिकल इंजिनाची आखणी केली, तेव्हा यंत्राला हुकूम द्यायला हीच भोकांची कार्डं निवडली. त्याच्या घरी जाकारचं रेशमात विणलेलं एक चित्र होतं, आणि त्याला सुमारे २४,००० कार्डं लागली होती. पुढे १८९० च्या अमेरिकी जनगणनेत हर्मन हॉलेरिथने भोकांच्या कार्डांवर माणसं मोजली, आणि त्या धंद्यातूनच पुढे आयबीएम उभी राहिली. जगातल्या फार थोड्या शहरांना कॉम्प्युटरच्या वंशावळीचं हे पहिलं पान स्वतःच्या गल्लीत दाखवता येईल. चादरीचा जकार्ड, त्याच्या शेजारी पंच कार्ड, मग फ्लॉपीवाला पीसी, मग जिस्ट कार्डावर तीन लिप्यांत उमटणारं ‘सोलापूर’ अशी एक चालती खोली इथे होऊ शकते. विद्यापीठात होऊ शकते, अभियांत्रिकी महाविद्यालयात होऊ शकते, तंत्रनिकेतनात किंवा आयटीआयमध्येही.

यावर आक्षेप येतात, आणि त्यातले काही रास्त आहेत. सगळ्यात वजनदार आक्षेप इम्युलेटरचा. जुनं यंत्र नव्या कॉम्प्युटरमध्ये सॉफ्टवेअरने हुबेहूब उभं करता येतं, मग पत्र्याचा डबा कशाला? इम्युलेटर मी स्वतः वापरतो, वर्गातही दाखवतो. डॉसवरचा जुना हिशेबाचा प्रोग्रॅम चालवायला तो पुरेसा आहे. पण इम्युलेटर आकाशातून पडत नाही. कुणीतरी खऱ्या यंत्राची रॉम, म्हणजे चिपमध्ये कायमचा कोरलेला प्रोग्रॅम, वाचलेली असते, खऱ्या चिपचं वागणं मोजलेलं असतं. ज्या यंत्राचं खरं रूप आधीच नष्ट झालं, त्याचा इम्युलेटर कशावरून बनवणार? दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या ब्लेचली पार्कमध्ये जर्मन संदेश फोडणारी कोलोसस यंत्रं युद्धानंतर मोडून टाकली गेली, आराखडे जाळले गेले. टोनी सेल या ब्रिटिश अभियंत्यांनी १९९३ मध्ये काही फोटो, थोडे उरलेले नकाशे आणि म्हाताऱ्या अभियंत्यांच्या आठवणी एवढ्यावर त्यातलं एक पुन्हा उभारायला घेतलं. पूर्ण व्हायला २००७ उजाडलं. एक यंत्र ठेवलं असतं तर? शिवाय फ्लॉपी वाचायला इम्युलेटरचा उपयोग शून्य. तिथे चकती वाचणारं डोकं (हेड) आणि मोटर असलेली खरी ड्राइव्हच लागते. ग्रीझवीझलसारखं स्वस्त, खुल्या आराखड्याचं बोर्ड जोडून जुन्या फ्लॉपीवरचा चुंबकीय संदेश आजच्या कॉम्प्युटरमध्ये उतरवता येतो, पण त्याच्या पलीकडच्या टोकाला धड ड्राइव्ह हवीच.

दुसरा प्रश्न जाणकार विचारतात: कंडेन्सर बदलले, वायरी जोडल्या, पॉवर सप्लाय नवा घातला, तर ते मूळ यंत्र राहिलं का? माझं उत्तर, राहिलं. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर हा झिजणाराच भाग आहे. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ढोबळ नियम आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात चाळिशीच्या वर तापणाऱ्या खोलीत तो फार टिकेल ही अपेक्षाच चूक. बदललेला भाग पिशवीत घालून चिठ्ठीसह ठेवावा, काय केलं ते वहीत लिहावं, आणि जे पुन्हा उलटवता येणार नाही ते करू नये. पिवळं पडलेलं प्लॅस्टिक पांढरं करण्याची रासायनिक हौस मला तितकीशी पटत नाही. यंत्र चाललं पाहिजे, ते नवं दिसलं नाही तरी चालेल.

जागा आणि पैसा यांवर फार बोलायला नको. एक कोरडी खोली आणि दोन टेबलं ज्या संस्थेला परवडत नाहीत, तिला एवढी मोठी लॅबही परवडत नसावी. बँकांना आणि पतसंस्थांना ग्राहकांच्या माहितीची भीती वाटते, ती मात्र खरी आहे. त्यांनी हार्ड डिस्कची प्रत स्वतःच्या ताब्यात घ्यावी, मूळ डिस्क काढून ठेवावी किंवा नष्ट करावी, आणि यंत्र डिस्कविना द्यावं. तसं ते सर्रास वापरता येतं.

कायद्याकडेही बघा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार, वर्षात हजार किंवा त्याहून जास्त विद्युत-इलेक्ट्रॉनिक वस्तू वापरणाऱ्या मोठ्या संस्थांनी त्यांचा ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, पुनर्वापरासाठी दुरुस्ती करणारे किंवा पुनर्चक्रण करणारे यांच्याकडेच द्यायचा आहे. लिलावात जास्त बोली लावणाऱ्या भंगारवाल्याकडे नाही. जुन्या मॉनिटरच्या पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसं असतं. ती फोडून तांब्याची कॉइल काढून घेणारा पोरगा हातमोजेही घालत नाही. जगात २०२२ साली ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला आणि त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रणाला गेला तो जेमतेम २२ टक्के. या नियमांत दुरुस्ती करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांना स्वतंत्र स्थान आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी पोर्टलही सुरू केलं. म्हणजे दिल्लीत दुरुस्तीला मान मिळायला लागला आहे. आपल्या निर्लेखनाच्या छापील नमुन्यात मात्र ‘जतन’ असा रकानाच नाही. मूळ किंमत, खरेदीचं वर्ष, सध्याची स्थिती, अपेक्षित भंगार किंमत, संपलं.

तो रकाना घालायला शासनाच्या परिपत्रकाची वाट बघायची गरज नाही. संस्थेच्या कार्यकारिणीने एक ठराव केला की झालं: निर्लेखनाआधी यादी एखाद्या जाणकाराला दाखवायची, प्रत्येक नमुन्याचं एक यंत्र त्याच्या कीबोर्ड, केबल, मॅन्युअल आणि डोंगलसह वेगळं काढायचं, आणि ते शहरातल्या एका ठरलेल्या संस्थेकडे नोंद करून द्यायचं. वर्षातून दोनदा चालवून बघण्याची जबाबदारी तिथल्या विद्यार्थ्यांची, आणि प्रकल्पाचे गुणही त्यांना. गावात अजून असे मेकॅनिक आहेत, ज्यांनी त्या काळात हीच यंत्रं उघडली होती. त्यांना मानधन देऊन बोलवावं. सत्काराची शाल एखाद्या वर्षी नाही दिली तरी चालेल.

ठराव होईपर्यंत ज्यांच्या कपाटात असं यंत्र आहे त्यांनी एवढं करावं. यंत्र सुरू करून बघू नका. झाकण उघडून ती निळी-हिरवी बॅटरी आजच कापून काढा, कारण ती बंद यंत्रातही गळतच असते. मॉनिटरला मात्र हात लावू नका. पिक्चर ट्यूबमध्ये प्लग काढल्यावरही हजारो व्होल्ट साचलेले असू शकतात, ते काम माहीतगाराचं. फ्लॉप्या उभ्या ठेवा, डब्यात सिलिका जेलची पुडी टाका, लाउडस्पीकरपासून लांब ठेवा. फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण सरकवून आतल्या तपकिरी चकतीकडे उजेडात बघा, आणि तिच्यावर बुरशीचे पांढरे ठिपके दिसले तर ती ड्राइव्हमध्ये घालू नका. बुरशी ड्राइव्हच्या डोक्याला चिकटली की पुढची चांगली फ्लॉपीही खरवडली जाते. आणि डोंगल, मग तो कितीही निरुपयोगी दिसो, दोऱ्याने त्याच यंत्राला बांधून ठेवा.